अंगावरची गाठ: साधी की दुसरीकडून आलेली?

"काही नाही हो डॉक्टर, चरबीची गाठ आहे," म्हणत मावशी टेबलावर बसल्या. डाव्या काखेच्या जरा खाली, बरगडीवर, वाटाण्याएवढी गाठ. सुनेच्या हातातल्या चिठ्ठीवर लिहिलेलं होतं, 'लायपोमा? एफएनएसी करावी', म्हणजे चरबीची गाठ वाटते, सुईने तपासावी. मी बोट ठेवलं. चरबीची गाठ बोटाखालून सटकते, ही सटकेना. कातडीला धरून होती आणि चिंचोक्यासारखी टणक. विचारलं, "आधी कसलं ऑपरेशन झालंय?" म्हणाल्या, "नाही." सुईचं पाकीट फाडता फाडता सवयीने पुन्हा विचारलं, "अगदी कुठलंच नाही?" तेव्हा सुनेकडे बघत हळूच म्हणाल्या, "नऊ वर्षांमागं छातीचं झालं. पण ते बरं झालंय. त्याचा हिच्याशी काय संबंध?"

संबंध होता, आणि तो चिठ्ठीवर नव्हता.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, जिल्ह्याच्या गावी लॅब चालवते. गाठींना सुई लावणं आणि कापून आलेल्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली बघणं हे रोजचं काम. येणाऱ्या गाठींतल्या बहुतेक साध्याच निघतात. माणसं घाबरून येतात, हसत जातात. थोडी माणसं उलटी असतात: न घाबरता येतात, आणि त्यांचीच गाठ दुसरीकडून आलेली असते. म्हणजे मूळ कॅन्सर स्तनात, फुप्फुसात, पोटात किंवा तोंडात, आणि त्याचं बी येऊन रुजलंय कातडीत. डॉक्टर मंडळी तिला 'सेकंडरी' म्हणतात, रिपोर्टात 'मेटॅस्टॅसिस' लिहिलेलं असतं.

या दोन्हींतला फरक घरी बसून पक्का करता येत नाही. नुसत्या बोटाने मलाही येत नाही. घरी ठरवता येतं ते एवढंच, की ही गाठ याच आठवड्यात दाखवायची, महिन्याभरात दाखवली तरी चालेल, की फक्त नजर ठेवायची. पुढचं सगळं त्यासाठी.

पहिली पायरी: गाठीआधी माणूस

एक कागद घ्या. गाठ पहिल्यांदा कधी लक्षात आली ते लिहा. 'बरेच दिवस झाले' असं नको. गणपतीत होती का, दिवाळीच्या अभ्यंगाला हाताला लागली का, असं आठवून महिना काढा. अंघोळ घालणाऱ्याला, मालिश करणाऱ्याला, वेणी घालणाऱ्या लेकीला विचारा. पाठीवरची आणि डोक्यातली गाठ स्वतःला कधीच आधी दिसत नाही.

मग लिहा, पूर्वी कुठलाही कॅन्सर झालाय का. कुठलाही. 'बरा झाला' तो सुद्धा, वीस वर्षांपूर्वीचा सुद्धा. स्तनाचा आणि मूत्रपिंडाचा कॅन्सर कित्येक वर्षं गप्प राहून मग कातडीत डोकं वर काढू शकतो. कुठली गाठ, गर्भाची पिशवी किंवा अंडाशय काढलं असेल आणि 'त्यात काय होतं ते माहीत नाही' असं असेल, तर तेही लिहा. तंबाखू, मिश्री, गुटखा, विडी, सिगारेट किती वर्षं, तेही. वजन आपोआप उतरलंय का, खोकला लांबलाय का, खोकल्यातून किंवा शौचातून रक्त, पोट फुगणं, आवाज बसणं, तोंडात न भरणारी जखम.

हा कागद कंटाळवाणा वाटेल, पण सगळ्या पायऱ्यांत हीच सगळ्यात कामाची. कातडीत सेकंडरी येणं मुळात कमीच. अमेरिकेतल्या एका रुग्णालयाने १९९३ साली आपली नोंद छापली: कॅन्सर शरीरात पसरलेल्या ४,०२० रुग्णांपैकी ४२० जणांच्या कातडीत तो पोचला होता. म्हणजे आधीच पसरलेल्यांतही दहांत एक. ज्याला कधीच कॅन्सर नव्हता आणि ज्याची तब्येत ठणठणीत आहे, त्याच्या दंडावरची मऊ गाठ सेकंडरी असण्याची शक्यता फारच थोडी. पण ज्या बाईचं स्तनाचं ऑपरेशन झालंय, तिच्या छातीवरचा तांदळाएवढा नवा दाणा हा आधी संशयितच, मग तो दिसायला कितीही गरीब असो. गाठ तीच, पण माणूस बदलला की तिचा अर्थ बदलतो.

दुसरी पायरी: उजेडात बघणं

खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात. शाळेतली पट्टी गाठीला लावून फोटो काढा. नाणं ठेवू नका. रुपयाचीच नाणी दोन-तीन मापांची चलनात आहेत. दर पंधरा दिवसांनी त्याच जागी, त्याच उजेडात पुन्हा काढा. 'वाढली का?' या प्रश्नाला घरातले चार जण चार उत्तरं देतात, पट्टी एकच देते.

आता काही ओळखीचे चेहरे.

मानेवर, काखेत, जांघेत लोंबणारी मऊ, देठाची चामखीळ. ही साधी. मात्र खूप झाल्या असतील तर रक्तातली साखर तपासून घ्या. जाड शरीर, मधुमेह आणि असल्या चामखिळी पुष्कळदा बरोबर नांदतात. चाळिशीनंतर पोटावर, छातीवर उगवणारे मोहरीएवढे लालभडक ठिपके म्हणजे रक्तवाहिन्यांचे बारीक पुंजके, त्यांना काही करावं लागत नाही. म्हाताऱ्या माणसांच्या पाठीवर, कानशिलावर तपकिरी-काळे, खरखरीत, मेण चिकटवल्यासारखे चट्टे येतात. नखाने खरवडले तर निघतील असं वाटतं, पण खरवडू नका. त्यांचं नाव सेबोऱ्हिक केराटोसिस, आणि तेही साधेच. असे चट्टे दोन-तीन महिन्यांत अचानक ढिगाने आले तर पोटातल्या कॅन्सरचा इशारा समजावा, असं जुनी पुस्तकं सांगतात. त्यावर वाद आहे, कारण म्हातारपणी दोन्ही गोष्टी तशाही होतात. पोटाची तक्रार असेल तर तपासून घ्यावं, एवढंच मी सांगते.

सेकंडरीचा असा एक ठरलेला चेहरा नसतो, हीच तिची पंचाईत. तरी नेहमीचं रूप सांगायचं तर गोलसर, टणक, न दुखणारा दाणा किंवा गाठ, वरची कातडी शाबूत. गोऱ्या कातडीवर तो लालसर दिसतो असं पुस्तकात असतं. आपल्या सावळ्या कातडीवर तो जांभळट, तपकिरी, नाहीतर चक्क कातडीच्याच रंगाचा दिसतो, म्हणून लाली शोधत बसू नका. पुष्कळदा एकाऐवजी चार-पाच दाणे काही आठवड्यांत एकाच भागात येतात. मूत्रपिंडाची किंवा थायरॉइडची सेकंडरी कधी कधी लालबुंद असते, तिला भळाभळा रक्त येऊ शकतं, आणि ती साध्या रक्ताळ फोडासारखी दिसून फसवते.

तीळ हा वेगळा विषय, पण एक सोडवत नाही. आपल्याकडे मेलॅनोमा हा काळा कॅन्सर उन्हाच्या जागी कमी आणि तळपायाला, टाचेला, नखाखाली जास्त सापडतो. काट्याची जखम, बुटाचा डाग, नख चेचलं, अशा समजुतीत महिने जातात. तळपायावरचा वेडावाकडा, दोन-तीन छटांचा काळा डाग पसरत असेल, किंवा नखातली काळी रेघ रुंद होत नखाच्या मुळाशी कातडीत उतरत असेल, तर थांबू नका. त्यानंतर त्याच पायावर घोट्याकडून वर काळे-निळसर दाणे चढू लागले, तर तो पसरण्याच्या वाटेवर आहे.

तिसरी पायरी: बोटं

हात धुवा, थोडं तेल लावलं तर उत्तम. तेलकट बोटाला बारीक दाणा जास्त कळतो. तर्जनी आणि मधलं बोट, हलका दाब. चिमटीत धरून पिळायचं नाही.

चरबीची गाठ, म्हणजे लायपोमा, पीठ मळताना हाताला लागतं तशी मऊ असते. कडेला बोटाने दाबलं की ती पुढे सटकते, वरची कातडी मोकळी राहते. दहा-दहा वर्षं तेवढीच राहते. काहींच्या घराण्यातच दंडावर, मांड्यांवर डझनभर असतात. बाबांना होत्या, काकांना आहेत.

कातडीतली पिशवी, म्हणजे सिस्ट, हिला जुनी माणसं आवाळू म्हणतात. ती गोल, घट्ट फुग्यासारखी असते. मध्यावर सुईच्या टोकाएवढं काळं भोक दिसलं तर ओळख पटलीच म्हणायची. दाबल्यावर त्यातून घाण वासाचा, चीजसारखा पांढरा ऐवज येतो. डोक्यातल्या आवाळूला ते भोक नसतं. ती टणक, गुळगुळीत, आणि वर्षानुवर्षं कंगव्याला अडकणारी. पिकली की सिस्ट लाल होते आणि ठणकते. ठणका वाईट वाटतो, पण अचानक ठणकणारी गाठ बहुतेकदा पिकलेली असते; कॅन्सरची गाठ सुरुवातीला दुखत नाही म्हणूनच घात होतो.

पायाच्या नडगीवर, दंडावर मसुराएवढा तपकिरी, कडक दाणा असतो, बायकांत जास्त. किडा चावल्यावर किंवा काटा लागल्यावर आला असं सांगतात. दोन्ही बाजूंनी चिमटीत हलकेच दाबला तर वर यायच्या ऐवजी आत खळी पडते. हा डर्मॅटोफायब्रोमा, साधा. आणखी एक मऊ, लोंबता गोळा असतो, बोटाने दाबला तर कातडीतल्या काजातून आत गेलेल्या बटणासारखा आत जातो: न्यूरोफायब्रोमा. एखादा असला तर काही नाही. अंगभर असतील आणि दुधाळ चहाच्या रंगाचे डाग लहानपणापासून असतील, तर तो आनुवंशिक आजार आहे आणि त्याचं वेगळं लक्ष ठेवावं लागतं. त्यातली एखादी गाठ अचानक वाढू किंवा दुखू लागली तर लगेच दाखवायची.

आता सेकंडरी. बोटाला लागते ती चिंचोक्यासारखी, नाहीतर कडक खोडरबरासारखी. सटकत नाही. बहुतेकदा कातडीच्या जाडीतच रुजलेली, त्यामुळे कातडी हलवली की तिच्याबरोबर हलते, किंवा खालच्या स्नायूला इतकी चिकटलेली की हलतच नाही. मध्ये भोक नाही, दाबून काही निघत नाही. बोटाला फसवणाऱ्या गाठीही आहेत, हे कबूल करते. डोक्यातल्या टणक आवाळूला मी दोनदा सेकंडरी समजले, आणि एकदा उलटंही झालं.

मानेतल्या, काखेतल्या, जांघेतल्या खोल गाठी या कातडीच्या नाहीत, बहुधा लसिकाग्रंथींच्या असतात. पायाला जखम असताना जांघेत आलेलं अवधाण जखमेबरोबर बसतं. मानेतली माळेसारखी गाठ आपल्याकडे अजूनही पुष्कळदा टीबीची, म्हणजे गंडमाळ निघते. पण डाव्या गळपट्टीच्या हाडामागे, मानेच्या खाचेत आलेली टणक गाठ पोटातल्या किंवा छातीतल्या कॅन्सरची पहिली खूण असू शकते. तिला 'सर्दीची गाठ' म्हणून गोळ्या खात बसू नये.

चौथी पायरी: जागा

सेकंडरी बहुधा आपल्या मूळ घराच्या जवळच्या कातडीत येते. स्तनाची छातीवर, जुन्या व्रणाच्या आसपास. तोंडाच्या कॅन्सरची गालावर, हनुवटीखाली, मानेवर. तंबाखूमुळे आपल्याकडे हे दृश्य नवं नाही. फुप्फुसाची छातीवर, पाठीवर, डोक्यात. आतड्याची आणि अंडाशयाची पोटावर. दुर्बिणीच्या ऑपरेशनचं भोक पाडलं होतं त्या व्रणातही येते. १९७२ साली अमेरिकेतल्या सैन्याच्या पॅथॉलॉजी संस्थेतल्या ७२४ रुग्णांचा हिशेब छापला गेला, त्यात कातडीत सेकंडरी आलेल्या बायकांपैकी ६९ टक्क्यांचं मूळ स्तनात होतं. पुरुषांत फुप्फुस पहिलं, २४ टक्के. आकडे जुने आणि परदेशी आहेत, पण बायकांत स्तन आणि पुरुषांत फुप्फुस हा क्रम पुस्तकांत अजून तसाच शिकवला जातो.

दोन जागांवर जास्त थांबते.

पहिली बेंबी. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या रोचेस्टर गावी सेंट मेरीज रुग्णालयात सिस्टर मेरी जोसेफ डेम्प्सी (१८५६–१९३९) नावाची परिचारिका विल्यम मेयो या सर्जनला ऑपरेशनात मदत करायची. ऑपरेशनआधी पोट पुसताना तिच्या बोटाला काही रुग्णांच्या बेंबीत टणक गाठ लागायची, आणि त्यांचं पोट उघडल्यावर आत कॅन्सर पसरलेला असायचा. तिने ते मेयोच्या कानावर घातलं. मेयोने १९२८ साली ते लिहिलं, आणि १९४९ साली हॅमिल्टन बेली या ब्रिटिश सर्जनने त्या गाठीला तिचंच नाव दिलं. आजही बेंबीतल्या त्या गाठीला सिस्टर मेरी जोसेफ नोड्यूल म्हणतात. शोध लागला तो पोट पुसणाऱ्या हाताला, हे मला फार आवडतं.

म्हणून बेंबी: त्यात टणक, न दाबली जाणारी, ओली किंवा चिघळणारी गाठ आली तर पोटाची सोनोग्राफी करून घ्या. जठर, स्वादुपिंड, मोठं आतडं, अंडाशय, यांतलं काही असू शकतं. बेंबीत साध्या गोष्टीही असतात. दाबल्यावर आत जाणारा हर्निया, मळ साचून झालेला काळा खडा, आणि पाळीच्या दिवसांत फुगून दुखणारी, कधी रक्त येणारी गाठ, जी एंडोमेट्रिओसिसची, म्हणजे गर्भाशयाचं अस्तर भलत्या जागी रुजल्याची असते. पाळीबरोबर कमीजास्त होते का, हा प्रश्न डॉक्टरने विचारला नाही तर आपण सांगावं.

दुसरी जागा डोकं. केसांत लपलेलं असल्यामुळे उशिरा कळतं. डोक्यातली बहुतेक टणक गाठ आवाळूच असते, पण आवाळू वर्षांची असते आणि सेकंडरी महिन्यांची. शिवाय स्तनाच्या कॅन्सरमध्ये कधी कधी गाठच नसते, नुसता केस गेलेला एक गोल चट्टा असतो. घरात त्याला चाई पडली म्हणतात आणि कांदा चोळतात. चाईची कातडी मऊ, नितळ असते; हा चट्टा बोटाला कडक, ताणलेला लागतो.

गाठ नसलेली सेकंडरी

तेवढ्यावरून हा भाग वेगळा काढावासा वाटला. स्तनाच्या ऑपरेशननंतर, कधी आधीही, छातीवर लाल, गरम, कडेला ठळक असा पट्टा पसरतो. दिसतो थेट धावऱ्यासारखा, म्हणजे कातडीच्या पसरत्या इन्फेक्शनसारखा. पण ताप नाही, पांढऱ्या पेशी वाढलेल्या नाहीत, अँटिबायोटिकचा पूर्ण कोर्स झाला तरी हलत नाही. कातडीतल्या लसिकावाहिन्यांत कॅन्सरच्या पेशी ठासून भरल्यामुळे हे होतं. दुसरं रूप म्हणजे छातीची कातडी चिलखत घातल्यासारखी कडक होत जाते. तिसरं नागिणीसारखं: एका बाजूला पट्ट्यात पुळ्या, पण नागिणीच्या पुळ्यांत पाणी असतं आणि पंधरा-वीस दिवसांत त्या सुकतात. या सुकत नाहीत.

तेव्हा कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाला 'इन्फेक्शन आहे' म्हणून औषध दिलं, तर हरकत नाही, घ्या. पण कोर्स संपला त्या दिवशी परत जा आणि फरक नसेल तर बायोप्सीबद्दल, म्हणजे तुकडा काढून तपासण्याबद्दल विचारा. आणखी एक अँटिबायोटिक लिहून घेऊ नका.

किती थांबायचं

माझा स्वतःचा हिशेब असा. आधी कॅन्सर झालाय: नवी गाठ किंवा चट्टा दोन आठवडे टिकला की दाखवायचा, आणि तो त्वचेच्या डॉक्टरला नंतर, आधी ज्यांनी कॅन्सरवर उपचार केले त्यांना. कॅन्सर कधी नव्हता, पण गाठ टणक, चिकटलेली, वाढती, रक्ताळणारी किंवा एकदम अनेक: याच आठवड्यात. बेंबी आणि गळपट्टीच्या हाडामागची: याच आठवड्यात. मऊ, सटकणारी, वर्षानुवर्षं तेवढीच: सवडीने एकदा दाखवून ठेवा. आणि मऊ असली तरी पाच सेंटिमीटरहून मोठी, खोल स्नायूत असलेली किंवा वाढती गाठ लायपोमा समजून गावात कापून घेऊ नका. ती सार्कोमा, म्हणजे चरबी-स्नायूंसारख्या मऊ भागांचा कॅन्सर असू शकते. तिचा आधी एमआरआय, आणि बायोप्सीची जागा पुढे ऑपरेशन करणारा सर्जन ठरवेल तीच. चुकीच्या जागी मारलेला काप पुढचं ऑपरेशन मोठं करतो.

या काळात घोड्याचा केस बांधणं, बिब्बा लावणं, चुना-सोडा, ब्लेड, यातलं काही नको. बिब्ब्याने कातडी भाजते. मग माझ्याकडे येतो तो जळका, कुजलेला तुकडा, आणि त्यात मुळात काय होतं ते कोणालाच सांगता येत नाही.

पाचवी पायरी: तपासणी मागून घेणं

'मागून' हा शब्द मुद्दाम वापरला. दवाखान्यात गर्दी असते आणि गाठ लहान असते.

सोनोग्राफीने गाठ चरबीची, पाण्याची की भरीव, आणि तिच्यात रक्तप्रवाह किती, हे कळतं. चरबीची गाठ चरबीच्या थरात आडवी पसरलेली दिसते. काळपट, वेड्यावाकड्या कडेची आणि आत रक्त खेळणारी गाठ संशयाची. सोनोग्राफी शंका वाढवते किंवा कमी करते, निकाल देत नाही.

एफएनएसी म्हणजे रक्त काढायच्या सुईपेक्षाही बारीक सुईने गाठीतल्या पेशी ओढणं. भूल लागत नाही, पाच मिनिटांचं काम, अहवाल बहुधा दुसऱ्या दिवशी. मी सुई दोन-तीन दिशांना फिरवते, थेंब काचेवर पसरवते. सिस्टमधून पांढरी खरवड येते, लायपोमातून चरबीचे तेलकट थेंब काचेवर पसरतात आणि वाळतच नाहीत. सेकंडरीतून पुष्कळदा करड्या रंगाचा, दाणेदार ऐवज येतो. तो बघितला की रंग द्यायच्या आधीच मन जड होतं. 'सुई लावली की कॅन्सर पसरतो' ही भीती दर आठवड्याला ऐकते. कातडीतल्या गाठींत बारीक सुईने असं होणं अत्यंत विरळ आहे. सुई टाळून सहा महिने घालवल्याने मात्र तो खरोखर पसरतो.

दाणा अगदी लहान किंवा चपटा चट्टा असेल तर पंच बायोप्सी: भूल देऊन तीन-चार मिलिमीटरच्या गोल पात्याने कातडीचा खांब काढतात, एखादा टाका पडतो. गाठ खोल असेल तर तुकडा किंवा आख्खी गाठ काढतात.

आणि आता ज्यासाठी हा सगळा लेख लिहायला घेतला ते. काढलेली प्रत्येक गाठ तपासायला गेली पाहिजे. कितीही साधी दिसो. एका गृहस्थांच्या पाठीवरची गाठ कुठल्याशा दवाखान्यात 'चरबी आहे' म्हणून काढली आणि कचऱ्यात टाकली. आठ महिन्यांनी त्याच जागी दोन आल्या. पहिलीत काय होतं हे शोधायला काही उरलंच नव्हतं. ऑपरेशनआधीच विचारा, "डॉक्टर, गाठ तपासायला पाठवणार ना?" खर्चाचं कारण आलं तर विचारा किती, आणि तेवढे बाजूला ठेवा.

ती बाटलीही बघा. रुंद तोंडाची, आत दहा टक्क्यांचं फॉर्मॅलिन, गाठीच्या दहापट तरी. डोळ्यांना झोंबणारा वास आला पाहिजे. माझ्याकडे गाठी सलाइनमध्ये आल्यात, स्पिरिटमध्ये आल्यात, हातमोज्याच्या बोटात गाठ मारून आल्यात, एकदा लोणच्याच्या धुतलेल्या बरणीत आली. सलाइनमध्ये रात्रभर ठेवलेला तुकडा आतून विरघळायला लागतो. बाटलीवर नाव, वय, जागा, डावी की उजवी. सोबतच्या चिठ्ठीवर पहिल्या पायरीतल्या कागदातली एक ओळ: 'स्तनाचा कॅन्सर, ऑपरेशन अमुक साली'. त्या एका ओळीने माझे दोन दिवस आणि तुमचे काही हजार रुपये वाचतात.

रिपोर्ट हातात आल्यावर

लायपोमा, एपिडर्मल सिस्ट, डर्मॅटोफायब्रोमा, सेबोऱ्हिक केराटोसिस, बिनाइन (म्हणजे साधी): चहा घ्या. 'इनअॅडिक्वेट' म्हणजे पुरेशा पेशी आल्या नाहीत. 'काही नाही' असा त्याचा अर्थ नाही, सुई पुन्हा लावायची. 'अॅटिपिकल' किंवा 'सजेस्टिव्ह ऑफ' म्हणजे संशय आहे, तुकडा पाठवा.

आम्ही काचेवर काय बघतो ते थोडक्यात. साधी गाठ बहुधा कडेने नीटस असते, शेजारच्या पेशींना ढकलते पण त्यांच्यात घुसत नाही. कातडीचा स्वतःचा कॅन्सर बहुधा वरच्या थराला कुठेतरी जोडलेला सापडतो. सेकंडरी खालच्या थरात बसलेली असते, वरचा थर आणि तिच्यात मोकळी पट्टी, आणि पेशी तंतूंच्या मधून वाट काढत, स्तनाच्या एका प्रकारात तर मुंग्यांसारख्या एकामागे एक.

खरी अडचण येते घामाच्या ग्रंथींच्या गाठींशी. स्तन ही मुळात घामाच्या ग्रंथीचीच बदललेली आवृत्ती, त्यामुळे घामग्रंथीची गाठ आणि स्तनाची सेकंडरी काचेवर सख्ख्या बहिणी दिसू शकतात. एकीवर उपचार कापून संपतो, दुसरीत सगळं शरीर तपासावं लागतं. तिथे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे ठरावीक प्रथिनांना रंग देणारी तपासणी करतो. पी६३ आणि डी२-४० हे रंग कातडीच्या मूळ गाठींत बहुधा उमटतात, सेकंडरीत बहुधा नाही. दोन्हीकडे 'बहुधा' आहे म्हणून एकावर भिस्त ठेवत नाही. मूळ घर शोधायला इतर रंग: जीएटीए३ स्तनाकडे बोट दाखवतो, टीटीएफ१ फुप्फुस किंवा थायरॉइडकडे, सीडीएक्स२ आतड्याकडे, पीएएक्स८ मूत्रपिंड, थायरॉइड किंवा अंडाशयाकडे, सॉक्स१० मेलॅनोमाकडे. याला आठवडाभर लागतो, कधी जास्त. त्या आठवड्यात रोज फोन केला तरी रंग लवकर चढत नाही, पण करा, मी रागावत नाही.

सेकंडरी ठरलीच, तर पुढे छाती-पोटाचा सीटी किंवा पेट स्कॅन, आणि उपचार शक्यतो कॅन्सरच्या केंद्रात. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी बाहेरच्या काचा आणि मेणाचे ब्लॉक (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) पुन्हा तपासतात, ते बरोबर न्यावे लागतात. उपचारांच्या खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या खिडकीवर आधी चौकशी करा. स्तनाची सेकंडरी असेल तर ईआर, पीआर, हर२ या, म्हणजे संप्रेरकांच्या गोळीला किंवा ठरावीक औषधांना गाठ दाद देईल का हे सांगणाऱ्या तपासण्या नव्या तुकड्यावर पुन्हा करायला सांगा. मूळ गाठीत एक आणि सेकंडरीत दुसरं असं निघू शकतं, आणि औषध त्यावर ठरतं.

मावशींच्या सुईत कॅन्सरच्या पेशी आल्या. सुनेला म्हटलं, जुने कागद शोधा, कुठलेही. तिसऱ्या दिवशी ती पत्र्याच्या ट्रंकेतली पिशवी घेऊन आली: लग्नाच्या पत्रिका, विजेची बिलं आणि घडीवर फाटलेला जुना रिपोर्ट. वरच्या कोपऱ्यात ब्लॉक नंबर होता. त्या लॅबला फोन केला. नऊ वर्षांपूर्वीचा मेणाचा ब्लॉक त्यांच्या कपाटात अजून होता. दोन्ही काचा शेजारी ठेवल्या, एकच घराणं. ईआर दोन्हींत पॉझिटिव्ह. मावशींना केमो लागली नाही, रोजची गोळी सुरू झाली. परवा आल्या होत्या, शेजारणीला घेऊन. शेजारणीच्या दंडावर गाठ होती, मऊ, सटकणारी. मी तोंड उघडायच्या आधीच मावशींनी तिला विचारलं, "ऑपरेशन कुठलं झालंय का तुझं? नीट आठव."